ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडावा का? साहेबांशिवायचा ग्रुप कंपनी वाचू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रबाळ्याच्या कंपनीत आहात, ऑफिसचा ग्रुप तुमच्या स्वतःच्या नंबरवर आहे. साहेब रात्री अकराला मेसेज टाकतात आणि निळी टिक दिसली की सकाळी "वाचून गप्प का बसलात?" म्हणतात. शिवाय सहकाऱ्यांनी साहेबांना वगळून दुसरा ग्रुप काढलाय, त्याचे ॲडमिन तुम्हीच. आता इन्स्टाग्रामवर साहेबांची रिक्वेस्टही आलीय.

मी महापेला एका कंपनीत एचआर बघते, त्यामुळे असल्या भानगडी फिरून माझ्याच टेबलावर येतात.

ग्रुप सोडू नका. 2022 पासून कोणी बाहेर पडलं तर फक्त ॲडमिनला कळतं हे खरं, पण तुमच्या ग्रुपचे ॲडमिन साहेबच असणार. आणि गेल्या 60 दिवसांत कोण कोण बाहेर पडलं, ती यादी ग्रुपमधल्या कोणालाही बघता येते. त्यापेक्षा कायमचा म्यूट करा. तुम्हाला टॅग केलं तर तेवढं वाजेल. शिवाय जुलैत हाच ग्रुप कामाला येतो. ठाण्यात पाणी तुंबलंय, ट्रान्स-हार्बर लोकल रखडलीय, आज घरूनच करा, हा सकाळी साडेसहाचा मेसेज ज्याला मिळत नाही तो बिचारा ठाणे स्टेशनात दहा नंबरच्या फलाटावर भिजत उभा असतो.

निळ्या टिकेचं म्हणाल तर लोक सेटिंगमधून रीड रिसीट बंद करतात आणि निर्धास्त होतात. ती सोय ग्रुपला लागू नाही. साहेबांनी आपल्या मेसेजवर बोट दाबून इन्फो उघडलं की कोणी वाचला, कोणाला नुसता पोचला, सगळी यादी नावानिशी समोर. तेव्हा रात्री ग्रुप उघडायचाच नाही, एवढाच उपाय. टिकेला कमी लेखू नका. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण निळ्या टिका दिसत होत्या आणि सोबतची पीडीएफ उघडलेली होती.

तुम्हाला जाच वाटतोय तो वेळेचा. मला जास्त खटकतं ते हे की हुकूम ग्रुपवरच सुटतात आणि तिथेच विरून जातात. "उद्या 8 ला सगळ्यांनी या, क्लायंट येतोय." खाली ओके सर, नोटेड सर, अंगठ्यांची रांग, मध्येच कोणाचं तरी गुलाबाचं फूल. (रात्री अकराला साहेबांना गुलाब पाठवणारा प्रत्येक ऑफिसात एक तरी असतोच.) महिनाअखेरीस कोणी जादा तासांचं काढलं की साहेब म्हणतात, मी फक्त "जमलं तर" म्हटलं होतं. मूळ मेसेज दुसऱ्याच दिवशी डिलीट झालेला. माझ्याकडे येतो तो स्क्रीनशॉट, आणि त्यात नेमकी तारीख कापलेली. अशा चित्रावर मी निवाडा काय करणार? कोर्टात तर आणखी कठीण. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये, जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या खटल्यात, स्पष्ट केलंय.

म्हणून वेळ, पैसा किंवा रजा यांतलं काहीही ग्रुपवर आलं की सकाळी ऑफिसच्या मेलवरून दोन ओळी टाका: "काल रात्री ग्रुपवर सांगितल्याप्रमाणे आज 8 ला हजर आहे. नेहमीच्या वेळेआधीचा हा दीड तास जादा धरावा ही विनंती." सूर तक्रारीचा नको, नोंदीचा हवा. अशी चार-पाच मेल गेली की बहुतेक साहेब रात्री लिहिताना हात आखडता घेतात, हे मी पाहिलंय. रजेचंही तसंच. ग्रुपवर कळवा खुशाल, पण अर्ज मेलवर किंवा पोर्टलवरच.

कायद्याचा आधार शोधत असाल तर तूर्त फारसा नाही. ऑफिस सुटल्यावर फोन-मेसेज न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तशा अर्थाचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आता तो दुसरा ग्रुप. व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनबाहेर ते कुलूपबंद असतात, त्यामुळे कंपनीला ते वाटेत वाचता येत नाहीत. पण तुम्ही ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडून बसत असाल आणि त्यात स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर असेल, तर एन्क्रिप्शनचा काय उपयोग? टीम्स किंवा स्लॅक ही ऑफिसच्या गप्पांची ॲप्स वापरत असाल तर ते खातंच कंपनीचं. तिथलं बोलणं, अगदी दोघांतलंसुद्धा, कंपनीने तशी व्यवस्था केली असेल तर बाहेर काढता येतं.

खरं सांगायचं तर एवढी यंत्रणा लागतच नाही. माझ्यापर्यंत आलेले असे बहुतेक ग्रुप आतल्याच कोणीतरी फोडलेले होते, आणि तेही अप्रेझलच्या महिन्यात. ॲडमिन म्हणून तुमची जबाबदारी किती? उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. पण कंपनीची शिस्तभंगाची चौकशी ही वेगळी चूल. साहेबांच्या टकलावरचे विनोद एक वेळ हसण्यावारी जातील. सहकारी बाईंच्या कपड्यांवर कोणी लिहिलं तर 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तक्रार येऊ शकते, आणि तिथे "आमचा खासगी ग्रुप होता" हे चालत नाही. असा मेसेज दिसला की तिथेच हटका. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.

इन्स्टाग्रामची रिक्वेस्ट स्वीकारा नाहीतर पडू द्या, तो तुमचा प्रश्न. स्वीकारलीत तर आजारपणाची रजा टाकून खारघरच्या पांडवकडा धबधब्याखालची स्टोरी तेवढी टाकू नका. तिथे पावसाळ्यात बंदी असते, म्हणजे साहेब आणि पोलीस दोघांनाही एकदमच उत्तर द्यावं लागेल.