स्टिअरिंग गळतंय? सीलच्या आधी परतीचा पाईप बघा

प्रश्न : द्राक्षबागेसाठी घेतलेला छोटा ट्रॅक्टर आहे, पॉवर स्टिअरिंगचा. स्टिअरिंगच्या चाकाखालून तेल झिरपतं, कॉलमवरून उतरून क्लचच्या पेडलवर येतं. उन्हाळ्यात सील किट बदललं, दिवाळीच्या आत पुन्हा गळती सुरू. आता मेकॅनिक म्हणतो, अख्खं ऑर्बिट्रोलच (चाकाखालचं, चाक फिरेल तसं तेल सोडणारं युनिट) बदला. बदलू का? गोडी छाटणी झालीय, फवारण्या चालू आहेत, ट्रॅक्टर उभा ठेवणं परवडत नाही.
– एक बागायतदार, ता. निफाड

उत्तर : नवीन ऑर्बिट्रोलचे पैसे तूर्तास खिशातच राहू द्या. नवं सील इतक्या लवकर गेलं, म्हणजे दोष सीलचा नसण्याचीच शक्यता जास्त.

आधी गळती नक्की कुठून आहे ते ठरवा. कॉलम आणि ऑर्बिट्रोल डिझेलने धुऊन कोरडं पुसा, त्यावर रांगोळीची पूड मारा आणि इंजिन चालू करून कुणाला तरी चाक दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. पूड जिथे पहिल्यांदा ओली होईल ती जागा. पाईपाच्या नटाजवळ ओली झाली तर नट किंवा त्याचं वॉशर, काम तिथेच संपलं. तेल नेमकं कुठून येतंय ते बोटाने चाचपू नका. प्रेशरच्या पाईपाला सुईएवढं भोक असलं तरी तेलाची धार कातडीत घुसते, आणि मग थेट दवाखाना. पुठ्ठा धरून बघा.

चाकाच्या दांड्याभोवतीच ओलं होत असेल, तर ते वरचं सील. आता इथे खरी गोम आहे. त्या सीलवर पंपाचं पूर्ण प्रेशर येतच नाही. तिथे येतं ते फक्त टाकीकडे परत जाणाऱ्या तेलाचं, आणि ते अगदी थोडं असायला हवं. परतीची वाट तुंबली की तेल माघारी दाबतं आणि सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे वरून, बाहेर पडतं. अशा वेळी कितीही किटं टाका, गळती ठरलेली. म्हणून टाकीतला फिल्टर काढून बघा, आणि परतीचा पाईप टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपा (इंजिन बंद करून, अर्थात). बागेतल्या ट्रॅक्टरवर एक गोष्ट हमखास दिसते : मांडवाची उरलेली तार घेऊन कुणीतरी हा पाईप चेसिसला करकचून आवळलेला असतो. बाहेरून पाईप धडधाकट वाटतो, आतलं रबर मात्र चेपलेलं किंवा सुटून आलेलं असतं. शंका आली तर पाईप बदलाच, ऑर्बिट्रोलच्या मानाने तो काहीच नाही.

दुसरं कारण तुमच्या फवारणीत आहे. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधकाचा तुषार कॉलममध्ये उतरतो, दांड्याला गंज धरतो आणि तो खरखरीत दांडा सीलची कड कापून काढतो. सील जिथे घासतं तिथे नखाने ओढून बघा. नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही. वरची धूळटोपी फाटली असेल तर तीही बदला. आणि कुणी बाहेरून सिलिकॉन चोपडायला निघालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सील बदलायचंच झालं तर बहुतेक ऑर्बिट्रोलमध्ये ते आतून बसतं, म्हणजे सगळं खोलणं आलं. हे काम बांधावर करू नका. आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारा गोल तुकडा) आणि त्यावरची स्लीव्ह (नळी) ही जोडी एकमेकांसाठीच घासलेली असते, मातीचा एक कण गेला तरी ओरखडा पडतो. एका बोल्टच्या भोकात बहुधा बारीक स्टीलची गोळी असते, ती घरंगळून हरवते. खोलण्यापूर्वी बाहेरच्या बाजूने सगळ्या थरांना छेदून जाणारी एक सरळ खूण करा. आतला दांडा आणि रोटर (आत फिरणारं दातेरी चाक) यांची जुळणीही मांडून ठेवा, कारण ती एक दात चुकली तर इंजिन चालू होताच चाक आपोआप गरगर फिरतं. त्यासाठी पहिल्यांदा चालू करताना पुढची चाकं जॅकवर उचललेली असू द्या आणि अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांत अडकवू नका. मग मंद इंजिनवर दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत हवा काढा, टोकाला दाबून धरू नका, तेल तापतं. टाकीतला फेस बसला की पातळी बघा. तेल पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला. काही ट्रॅक्टरांना लाल तेल लागतं, काहींत गिअरबॉक्सचंच चालतं, पण दोन्हींची भेसळ नको.

ऑर्बिट्रोल बदलायची वेळ कधी? खोलल्यावर स्पूलवर हाताला लागतील असे ओरखडे दिसले, किंवा तेल पूर्ण भरलेलं असून, सिलिंडर ठीक असूनही, पुढची चाकं टोकाला पोचल्यावर स्टिअरिंग हळूहळू फिरतच राहिलं, तर बदला. नाहीतर फवारणीला लागा.