भूस्थिर उपग्रहाचा अभ्यास सुरू करणाऱ्या नव्या सभासदास

रावेर-यावलच्या केळीबागांवर उपग्रहातून नजर ठेवता यावी, ही तुमची इच्छा मला मनापासून आवडली. परंतु त्यासाठी आधी कक्षेचा विचार करावा. भूस्थिर कक्षा, म्हणजे जिथे उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत सतत एकाच भागावर राहतो ती कक्षा, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असल्यामुळे इन्सॅट-३डीएस या हवामान उपग्रहाच्या दृश्य प्रकाशातील चित्रातही एक पिक्सेल साधारण एक किलोमीटरचा असतो, आणि त्यात एखादी बाग ओळखू येत नाही. मात्र उभी केळी आडवी करणारे वैशाखातले वादळी ढग अर्ध्या तासागणिक कसे वाढत जातात, हे पाहण्यासाठी अशाच उपग्रहाची गरज असते.

रॉकेट यशस्वीपणे उडाले म्हणजे काम संपले, असे समजू नका. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी जीएसएलव्ही-एफ१४ या रॉकेटने इन्सॅट-३डीएसला लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले. पुढे पृथ्वीपासूनच्या सर्वांत दूरच्या बिंदूजवळ स्वतःचे इंजिन अनेकदा प्रज्वलित करून त्याने ती वर्तुळाकार केली आणि विषुववृत्ताशी असलेला तिचा कलही काढून टाकला. माझ्या मते हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे; तो कागदावर आकृती काढून समजून घ्यावा. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मधील ईओएस-०३ या उपग्रहाच्या प्रक्षेपणाचे अपयश अभ्यासावे: झडपेतील गळतीमुळे द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतील दाब घटला आणि रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) टप्प्याचे प्रज्वलन झालेच नाही.