विषय आहे हो, पण जोड कुठाय?

नाटक लिहायचंय म्हणून आलेले प्रश्न साठत चाललेत, त्यातले चार आज घेतो.

प्रश्न: राज्य नाट्य स्पर्धेसाठी ग्रुपला नवीन संहिता पाहिजे. मी लिहितो म्हणून बसलो, पण दोन महिने झाले विषयच सुचत नाही. जे सुचतंय ते सगळं आधीच होऊन गेलंय.

होऊन गेलेलंच असतंय की सगळं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला पुण्यात संगीत शाकुंतल केलं तेव्हा गोष्ट कालिदासाची होती आणि त्याच्याही आधी महाभारतात होती, म्हणून कोण उठून गेलं नाही. तुमची गडबड अशी झालीय की तुम्ही विषय शोधताय. बेकारी, व्यसन, मोबाइल, वृद्धाश्रम. मी पण पहिलं नाटक बेकारीवरच लिहिलं होतं, तीन अंक, सगळी पात्रं एकमेकाला तेच पटवून देत होती जे सगळ्यांना आधीच पटलेलं होतं. मध्यंतरात चहाला गेलेले निम्मे लोक परतच आले नाहीत, चहा चांगला होता म्हणून असेल असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

आपल्याकडं कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह (२०२४ च्या ऑगस्टात जळालं ते, अजून पोटात कालवतंय) आणि कुस्तीचं खासबाग मैदान एकमेकाला खेटून आहेत, दोन्ही शाहू महाराजांनी बांधलेली. आता खासबागेत एकटाच पैलवान शड्डू ठोकत उभा राहिला तर लोक किती वेळ बघणार? जोड पाहिजे समोर. म्हणून वहीत विषय लिहू नका, एक वाक्य लिहा: अमक्याला हे पाहिजे, तमका आडवा आलाय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. शेवटचा तुकडा सोडला तर भाषण होतंय बघा. उदाहरण घ्या, वस्तादाला तालीम टिकवायचीय, त्याच्याच पोराला तिथं जिम काढायचीय, आणि पोरगं म्हणतंय फी आली तरच गळणारं छप्पर दुरुस्त होईल. आता सांगा कुणाची बाजू घेणार?

प्रश्न: २०१९ चा पूर आम्ही घरात बसून बघितला. त्यावर लिहायचंय, पण स्टेजवर पूर दाखवायचा कसा? आणि लिहायला घेतलं की बातमीसारखं होतंय.

पूर दाखवूच नका, पाणी विंगेत राहू दे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं हे तुम्हाला मी काय सांगायचं. पावसाळ्यात आपल्याकडं फोन उचलला की नमस्काराच्या आधी "किती फूट?" हा जो आकडा आहे ना, तेच तुमचं घड्याळ. ३७ ला पडदा उघडा. शेजारचं पोरगं दारातनं आकडा ओरडून जातंय, घरात आजोबा भिंतीवरची २००५ ची खूण दाखवून सांगताहेत की ह्याच्या वर येत नाही, सून कागदपत्रं प्लॅस्टिकात गुंडाळतीय, आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत ज्या बोटीत बसणार नाहीत. धाकट्याला कायमचंच वरच्या प्लॉटवर जायचंय, थोरल्याला वाटतंय पुराच्या निमित्तानं हा वाटणी मागतोय. ३९ पर्यंत लोकांना हसू दे, आपल्याकडं पुरातही लोक हसतातच. ४३ नंतर लाइट जाते, मोबाइल मरतात, पोरगं यायचं बंद होतं. आकडाच कळत नाही आता. तुमचं खरं नाटक तिथनं सुरू.

बातमीसारखं का होतंय, तर पाणी वाईट यावर सगळ्यांचं एकमत आहे म्हणून. आणि लिहायच्या आधी एक आठवा, घर सोडताना तुम्ही पहिल्यांदा काय उचललंत? आणि काय उचललंत हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही? बातमीदाराला ते कुणी विचारलेलं नसतंय.

प्रश्न: आयडिया ग्रुपमध्ये सांगितली आणि कुणी ढापली तर? आधी कॉपीराइट काढू का?

आयडियाला कॉपीराइट नसतोच. १९५७ च्या कायद्यात तो लिहून काढलेल्या मजकुराला आहे, लिहिला की आपोआप, लेखक असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. तेव्हा लिहा आधी. दुसऱ्याच्या कथेवर बेतणार असाल तर मात्र परवानगी लेखी घ्या, कट्ट्यावरच्या "करा की" वर जाऊ नका. आणि संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राला वेळ ठेवा, दरवर्षी कुणाची तरी पळापळ होतीच.

प्रश्न: संगीत नाटक करायचंय, पण आजचं. मला गाण्यातलं फार कळत नाही. आधी गोष्ट की आधी गाणी?

आधी अशी जागा शोधा जिथं आवाज आधीपासनंच आहे. जुने नाटककार पण चाली कानावरनंच घ्यायचे, छापील संहितेत पदाच्या डोक्यावर "चाल" म्हणून आधीच्या गाण्याची ओळ दिलेली असायची, त्यात लाजण्यासारखं काय नव्हतं. गुऱ्हाळ घ्या. घाण्याचं इंजिन, चुलवाणात चिपाडं कोंबायचा आवाज, काहिलीत उकळणारा रस, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघणारा गुळव्या. मालक म्हणतोय साखर घाल, वजन वाढतंय, गुळाला रंग येतोय. गुळव्याचा हात धजत नाही, पण पोरीच्या लग्नाची उचल मालकाकडूनच घेतलीय. तोंडावर बोलता येत नाही, मग ढवळता ढवळता तो गाणार. आता पद कुठं घालायचं हे तुम्हाला विचारावं लागणार नाही. जिथं बोलून भागतंय तिथं घालू नका म्हणजे झालं, एवढं पाळलं तरी तीसातली वीस पदं आपोआप गळतात.

हंगाम सुरू झाला की दोनदा जाऊन या, रात्रीचं. पहिल्या फेरीला पेटीवाल्याला नेऊ नका, तो तिथंच चाल लावायला बसतो आणि मग तुम्हाला गुळव्या काय बोलतोय ते ऐकायला येत नाही.