पाडव्याला शटर ओढलं, आता वाट कसली पाहताय?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडिलांचं कापडदुकान १९६१ पासून भाड्याच्या जागेत, भाडं महिना १९० रुपये. वडील ७९ वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगे पुण्यात नोकरीला, बहीण सांगलीला. २ नोव्हेंबर २०२४ ला, पाडव्याला, दुकान बंद केलं. मालकांना जागा हवी आहे, पण "सावकाश होऊ द्या, घाई नाही" म्हणतात. आता पागडी, म्हणजे जागा सोडण्याबद्दलची रक्कम, किती मागावी, भावंडांत ती कशी वाटावी, जीएसटीचं काय, असे सात प्रश्न तुम्ही विचारलेत.

महिन्याला असं एखादं पत्र येतंच. कधी भांड्यांचं दुकान, कधी पुस्तकांचं. सातांतले सहा प्रश्न बाजूला ठेवा. तुमचं काय होणार ते २ मे २०२५ या तारखेवर ठरेल; त्या दिवशी दुकान बंद होऊन सहा महिने होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. कलम १६(१), खंड (एन). ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती दावा दाखल होण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, वापरली नसेल तर मालकाला ताबा मागता येतो. सहा महिने नोटिशीपासून नाही, दाव्याच्या तारखेपासून मागे मोजतात. गेली साठ वर्षं ज्यांनी फुटकं कौल बदललं नाही, ते अचानक "सावकाश होऊ द्या" म्हणू लागले, तेव्हा तुम्हाला जराही नवल वाटलं नाही? घाई नाही हे त्यांच्याकडून लेखी घ्या. देणार नाहीत.

वडिलांचं आजारपण हे वाजवी कारण ठरेल का? ठरू शकतं, दवाखान्याचे कागद जपा. पण तुम्ही स्वतःच त्यावर पाणी ओतलंय. शटरवर फलक लावलात: "६३ वर्षांच्या ऋणानुबंधानंतर दुकान कायमचे बंद करीत आहोत." शिवाय त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात, आणि मालकांच्या मुलाने खाली हात जोडले. जोडणारच! आजारपणामुळे तूर्त बंद आणि कायमचं बंद यांत किती अंतर आहे, ते उलटतपासणीत कळतं. जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्जही म्हणूनच आत्ता नको. धंदा थांबवला असं त्यात तुम्हीच लिहून देता. तोवर निरंक असली तरी विवरणपत्रं भरत राहा. पुढे नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१०, म्हणजे शेवटचं विवरणपत्र, भरायचं असतं. शिल्लक मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराचं जे क्रेडिट घेतलंत, त्याचा हिशेब सीएकडून करून घ्या.

"केस दहा वर्षं चालेल, तोवर बघू," असंही लिहिलंय. चालेल, नाकारत नाही. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे साक्षीपुराव्याला यायलाच तीन-चार वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. पण तुमचे सहा महिने दाव्याच्या दिवशी मोजून झालेले असतात. नंतर रोज शटर उघडलंत तरी उपयोग नाही. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, विरुद्ध गेला आणि अपिलात स्थगिती मागितलीत, तर १९० रुपयांवर भागणार नाही. स्थगितीसाठी बाजारभावाच्या जवळपास रक्कम भरायची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलंय.

तेव्हा २ मेच्या आत दोनांपैकी एक करा. एक, दुकान खरोखर उघडा. उरलेला माल वडिलांच्या नावाने रोज विका, बिलं करा. आठवड्याला धूळ झटकून दिवा लावण्याला वापर म्हणत नाहीत, आणि वीजबिलात ते दिसतं. खोटी बिलं फाडू नका. जुना गडी बसवलात तर त्याला पगार द्या. "तू चालव, महिन्याला इतके दे" म्हणालात की तो पोटभाडेकरू, म्हणजे कलम १६(१) चा खंड (ई): मालकाला ताबा मागायला आणखी एक कारण. दोन, आत्ताच तडजोड करून जागा सोडा. भाडेहक्क सोडण्याबद्दल रक्कम घेणं कलम ५६ नुसार कायदेशीर आहे. पैसे बँकेतून घ्या, जागा सोडल्याचा लेख नोंदवा, रक्कम जमा झाल्यावरच किल्ली द्या. मालकांना डावलून तिसऱ्याला जागा देऊ नका. किती मागावी, ते पेठेतल्या दोन जुन्या दुकानदारांना विचारा, मला नको.

वाटणीचा प्रश्न आज नाहीच. भाडेकरू वडील आहेत, सही त्यांची. भाडं मात्र चुकवू नका. मालक घेत नसतील तर मनीऑर्डर करा आणि "नाकारले" शेऱ्यासह परत आलेली पावती ठेवा.

आणखी एक खातरजमा तिथल्या वकिलाकडून करा: तुमचं गाव भाडे नियंत्रण अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे तो लागू असलेल्या भागांच्या यादीत, आहे का. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०६ लागू, आणि मालक पंधरा दिवसांच्या नोटिशीने भाडेकरार संपवू शकतात. मग मागणीत जोर उरत नाही.

वडिलांनी विचारलेलं शेवटी. भिंतीत बसवलेल्या सागवानी फळ्या त्यांच्याच. काढता येतात, भिंत पूर्ववत करून द्यायची. पण ताबा देण्याआधी काढा, नंतर नाही.