फुटवा, धुमारा की फांदी?

राजेंद्रनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी इथेच इंदूरला झूऑलॉजीत एम.एस्सी. करते. चेतापेशीला, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीला, जे 'न्यूराइट' नावाचे धागे फुटतात त्यांच्याबद्दल आजीला सांगताना ती शब्दापाशी अडली. हिंदीतले द्रुमिका, तंत्रिकाक्ष तिला पाठ आहेत, पण आजीला उमगेल असं मराठीत काय म्हणावं? 'फांदी' चालेल का?

फांदी नको, फुटवा म्हणा. फांदी म्हटली की जून, ठरून गेलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. न्यूराइट ही त्याच्या आधीची अवस्था. मेंदूतली कोवळी पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवली, तर तिला आधी चार-पाच आखूड, एकसारखे फुटवे येतात. कुठल्याचं काय होणार, बघून सांगता येत नाही. मग त्यातला एक जोर धरतो आणि लांब निघून जातो. तो अक्षतंतू (हिंदीतला तंत्रिकाक्ष), संदेश पुढे नेणारा. उरलेल्यांच्या वृक्षिका होतात, त्या संदेश घेतात. पण तो लांबलेला अक्षतंतू पेशीजवळच छाटला, तर उरलेल्यांतला एखादा त्याची जागा घेऊ शकतो! भाताच्या बुडाशी फुटवे येतात तेही असेच, एका जागेतून अनेक. कोंब हा बीचा किंवा डोळ्याचा, बहुधा एकटा.

धुमारा वेगळा. आमच्या अंगणातली जास्वंद छाटली की कापल्या जागेखालून कोवळे, लालसर धुमारे येतात. हातापायातली चेता, म्हणजे मज्जातंतू, तुटली आणि पेशी जगली, तर अक्षतंतू पुन्हा वाढू लागतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. त्या वाढीला धुमारा शोभतो.

आता वाढत्या फुटव्याचं टोक. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहालने १८९० साली ते ओळखलं. पारिभाषिक शब्द 'वृद्धिशंकू'. शंकू आकार सांगतो, चाल सांगत नाही. या टोकातून बोटांसारखे बारीक धागे बाहेर येतात, चाचपतात, आत जातात. काही रासायनिक खुणांकडे ते वळतं, काहींपासून मागे फिरतं. मांडवावर आधार शोधणारी दोडक्याची वेल आजीने पाहिली असेलच. म्हणून या टोकाला नुसतं 'शेंडा' म्हटलं तरी पुरे.

द्रुमिका आणि वृक्षिका यांत अर्थाचा फरक नाही, दोन्ही छोटी झाडंच. 'नस' मात्र टाळा. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नसच म्हणतात, आणि आजी रक्ताचाच विचार करत बसेल.