रेल्वे अपघाताच्या चौकशीत डब्यांच्या देखभालीचं नेमकं काय तपासतात?

चाक तुटलं, एवढ्यावर चौकशी थांबत नाही. तुटण्याआधी ते कोणी, कशाने आणि किती वेळा पाहिलं होतं, हा खरा प्रश्न.

जर्मनीतलं एशेडे घ्या. ३ जून १९९८ ला ताशी सुमारे २०० किमी वेगाने जाणाऱ्या आयसीई या अतिवेगवान गाडीच्या चाकावरची पोलादी धाव (चाकाभोवतीचं बाहेरचं कडं) तुटली आणि डब्याच्या फरशीतून वर घुसली. पुढे रूळ बदलण्याच्या सांध्यापाशी गाडी घसरली, वरचा पूल कोसळला. १०१ जण गेले.

आता देखभाल बघा. धाव नवी असताना व्यास ९२० मिमी, तुटली तेव्हा ८६२, आणि परवानगी ८५४ पर्यंत. कागदोपत्री सगळं ठीक! गोम अशी, की मध्ये रबर असलेल्या या चाकात धाव प्रत्येक फेऱ्याला किंचित चेपायची. त्यामुळे भेग आतल्या बाजूने सुरू झाली. कारखान्यात मात्र टॉर्च मारून बाहेरून बघत होते. आतली भेग अशी दिसणार कशी?

म्हणून अहवाल हाती आला की मी आधी तपासणीची पद्धत शोधतो, तारखा नंतर.

शिक्षेचं विचाराल, तर तीन अभियंत्यांवरचा खटला २००३ मध्ये प्रत्येकी १०,००० युरो भरून मिटला. दोषी कोणीच ठरलं नाही.