१९११ चा रुपया घेताय? आधी हत्तीची सोंड बघा

तुमचा प्रश्न असा आहे की, पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया एकजण ऑनलाइन विकतोय, फोटो एकदम झकास आहेत, पण त्यांत काही फेरफार केलाय का हे घरबसल्या कसं ओळखायचं? चांदीचे रुपये मी बरीच वर्षं जमवतोय आणि एकदा चांगला फसलोही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नाण्यापुरती सगळ्यात भरवशाची खूण तारखेत नाहीच, ती राजाच्या झग्यावर आहे. तिथे एक छोटा हत्ती कोरलेला असतो. १९११ च्या नाण्यावर त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि सरकारला नाणी मागे घ्यावी लागली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले सातेक लाखच बाजारात गेले, बाकीचे वितळवले. म्हणून संग्राहकांत याला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि म्हणूनच तो महाग. १९१२ पासून सोंड नीट लांब केली. ते रुपये भरपूर आहेत.

आता फोटोत १९१२ मधल्या २ चा १ करायला कितीसा वेळ लागतो? पण तारीख मागच्या बाजूला आणि हत्ती पुढच्या. आकडा बदलणाऱ्याचं सगळं लक्ष आकड्यावर असतं. तारीख १९११ ची आणि सोंड लांब, असं दिसलं की फेरफार नक्की, पुढे काही तपासायची गरज नाही.

हुशार विक्रेता पुढच्या बाजूचा फोटो दुसऱ्याच नाण्याचा उचलून लावतो. म्हणून दोन्ही बाजूंची झीज जुळते का बघा. एका बाजूला राजाच्या दाढीचे केस मोजता येतात आणि दुसऱ्या बाजूच्या नक्षीतली फुलं पार गुळगुळीत, असं असेल तर शंका घ्या. मग तारीख मोठी करून बघा. बनावट १ आणायचा कुठून? बहुतेकदा शेजारचाच १ उचलून चिकटवतात. त्यामुळे सावली बरोबर पडलेली दिसते आणि आपण फसतो. पण शंभर वर्षं हाताळलेल्या नाण्यावर दोन आकडे तंतोतंत सारखे झिजत नाहीत. एकाच्या टोकाला टवका असेल, तर दुसऱ्याच्या बुडाशी मळ. शेवटच्या दोन्ही १ वर तोच ओरखडा, तोच काळा ठिपका दिसला तर काम हातचं आहे, टांकसाळीचं नाही. आकड्याभोवतीची जमीन (म्हणजे नाण्याचा सपाट भाग) गुळगुळीत आणि बाकीची खरबरीत, हीसुद्धा तशीच खूण.

माझी फसवणूक मात्र तारखेत झाली नव्हती. व्हिक्टोरियाचा रुपया होता, तारीख खरी, चांदी खरी. फोटोत नाणं गोल कापून काळ्याभोर पार्श्वभूमीवर ठेवलेलं, मला तर ते फारच देखणं वाटलं. पाकीट उघडलं तर राणीच्या डोक्यावर, अगदी कडेला, कडी झाळल्याचा डाग. आपल्याकडे रुपयांच्या माळा करून गळ्यात घालत, त्यातलाच तो एक. कडी काढली तरी डाग राहतोच, आणि असं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ चांदीच्या भावाचं. फोटो कापताना त्या गृहस्थाने डागही कापून टाकला होता. तेव्हापासून पार्श्वभूमी काढून टाकलेला फोटो दिसला की मी पुढे जातो. लाकडी टेबल, वर्तमानपत्र, बोटाचं नख, काहीही दिसू दे, पण नाण्याची कड पूर्ण दिसली पाहिजे.

रंगाचंही तसंच. जुन्या चांदीवर निळी-जांभळी झाक येते हे खरं, पण ती झाक खालच्या कागदावरही उतरली असेल तर ती चांदीची नव्हे, मोबाइलची करामत. फोटो गूगलवर टाकून उलटा शोधही घ्या, म्हणजे तोच फोटो आधी कुठे आलाय का ते कळेल. तोच ओरखडा जुन्या लिलावातल्या नाण्यावर सापडला तर नाणं विक्रेत्याकडे बहुधा नाहीच.

एवढं करूनही मी फोटोवर पैसे देत नाही. व्हिडिओ मागतो. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवायचं, दोन्ही बाजू, मग दातेरी कड आणि शेवटी वजनकाट्यावर ठेवायचं, सगळं एका दमात, मध्ये न थांबवता. नाणं फिरतं तशी चकाकीही फिरली पाहिजे. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेलं असेल तर किंचित कमी. (हा जुना तोळा. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, तिथे गोंधळू नका.) अर्थात खऱ्या धातूवर २ कोरून त्याचा १ केला असेल तर व्हिडिओतही तो १ च दिसणार. पण कोरणाऱ्यालाही हत्तीची सोंड आखूड करणं सोपं नाही.

आगाऊ पैसे, ‘बुकिंग’, ‘कर’ असं काही मागितलं तर तिथेच थांबा. जुन्या नाण्यांच्या नावाखाली असे पैसे उकळतात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

विक्रेत्याने पाठवलेला राजाच्या बाजूचा फोटो, शक्य तितका मोठा, प्रश्नात जोडलात तर सोंड मीही बघून सांगतो.